आधी गावरान कोंबडा, मग बदक: पक्ष्यांच्या कवट्या घरी साफ करण्याची आणि अभ्यासण्याची पद्धत

नाशिकमध्ये पक्षी बघणारे पुष्कळ आहेत. त्यातले काही जण दोन-तीन हिवाळे नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या मनोऱ्यावर काढले की हाडांकडे वळतात. दुर्बिणीतून चोच दिसते, पण ती उघडते कशी, डोळा एवढा मोठा मावतो कुठे, हे कवटी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मग कुणीतरी उत्साहाने कोंबडीचं मुंडकं आणतं, कुकरमध्ये तीन शिट्ट्या देतं, ब्लीचमध्ये बुडवतं, गच्चीवर उन्हात ठेवतं आणि आठवड्याने मला फोटो पाठवतं: पिवळट खडूसारखा चुरा आणि सोबत 'माझं काय चुकलं?'

चुकलं ते बहुतेकदा क्रमात. खालचा क्रम पाळलात तर पहिलीच कवटी ठेवण्याजोगी निघेल. वेळ मात्र लागतो, दीड ते दोन महिने धरून चाला. घाई असेल त्याने हा छंद धरू नये.

## सगळ्याच्या आधी: कुठली कवटी घरात आणायचीच नाही

ज्यांनी अजून एकही कवटी साफ केलेली नाही, त्यांच्याकडूनही एक चूक झालेली असते. संक्रांतीनंतर झाडावर मांज्यात अडकून मेलेली घार, धरणाकाठी पडलेला बगळा, हायवेवर गाडीखाली आलेलं घुबड असं काहीतरी त्यांनी उचलून आणलेलं असतं. 'मी मारलं नाही, मेलेलंच सापडलं' हा बचाव कायद्यात चालत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३९ नुसार मेलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता आहे. असं काही ताब्यात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं. कवटी, पंजा, पीस, सगळं त्यात आलं. याच कायद्याची परिशिष्टं २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने मांडली गेली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यामुळे जुन्या पुस्तकातली यादी बघून निर्णय घेऊ नका.

मोरपीस घरात असतं म्हणून मोराची कवटीही चालेल, असं मला दोघांनी तरी ऐकवलं आहे. कायद्यातली सवलत पिसाऱ्याच्या पिसापुरती आहे, हाडाला नाही. कावळा-कबुतरावरून लोक वाद घालतात. तो वाद वन कार्यालयाच्या बाकावर बसून घालायची मला हौस नाही, म्हणून मी तेही उचलत नाही.

मग उरतं काय? गावरान कोंबडा-कोंबडी, अंड्यांसाठी पाळलेली लेअर कोंबडी, पाळीव बदक, टर्की. आणि पिंजऱ्यात म्हातारा होऊन मेलेला बजरीगर, ज्याला आपल्याकडे सगळे 'लव्हबर्ड' म्हणतात. एवढ्यात दोन-तीन वर्षं सहज जातात.

जंगली पक्ष्यांच्या कवट्या बघायच्या असतील तर मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर जगभरच्या संग्रहालयांतल्या नमुन्यांचे सीटी स्कॅन आहेत. त्यातले बरेचसे पडद्यावर फिरवून बघता येतात. जखमी किंवा मेलेला पक्षी दिसला तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. हात लावायचा नाही.

सावध: रोगाने मेलेली कोंबडी फुकट मिळाली तरी घेऊ नका. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ साली आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. दुकानात डोळ्यांसमोर कापलेल्या धडधाकट पक्ष्याचंच मुंडकं घ्या. मेलेल्या लव्हबर्डच्या बाबतीत सिटॅकोसिस नावाचा फुप्फुसाचा आजार लक्षात ठेवा. तो सुकलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीतून माणसाला होतो, म्हणून पीस उपटण्याआधी पक्षी पाण्याने ओला करा आणि मास्क लावा. आजारी होऊन मेला असेल तर सोडून द्या.

## पायरी १: योग्य मुंडकं मिळवणे

बॉयलरचं मुंडकं आणू नका. निम्मे फसलेले प्रयत्न इथेच फसतात, हे एकदा कळलं की पुढचा लेख वाचायला हरकत नाही.

बॉयलर कोंबडी साधारण ३५ ते ४२ दिवसांत कापली जाते. अंगाने ती मोठी दिसते, पण वयाने पिल्लूच असते. पिल्लाच्या कवटीतली हाडं एकमेकांना जुळलेली नसतात, मध्ये नुसती पातळ सांधणी असते. कुजवताना ही सांधणी विरघळते आणि कवटीचे वीस-पंचवीस तुकडे बरणीच्या तळाशी बसतात. माझी पहिली कवटी अशीच सुटली. मीच कुठेतरी दाबली असणार असं समजून दुसरं मुंडकं आणलं, ते जपून हाताळलं, तर तेही सुटलं. तिसऱ्या खेपेला दुकानदारानेच विचारलं, "काका, बॉयलरच कशाला नेता दर वेळी?"

हवा तो वर्षा-दीड वर्षावरचा गावरान कोंबडा. तो नसेल तर लेअर कोंबडी. अंडी कमी झाल्यावर पोल्ट्रीवाले तिला साधारण ७२ ते ८० आठवड्यांची असताना विकून टाकतात, म्हणजे हाडं पक्की जुळलेली असतात. तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, नको. कडकनाथ पहिल्यासाठी घेऊ नका. त्याच्या हाडावरचा पापुद्राही काळा असतो, त्यामुळे मांस निघालं की नाही हे नवख्याला कळत नाही.

कापताना दुकानदाराला आधीच सांगा: "मुंडकं मानेचे दोन मणके ठेवून काढा." घाईत सुरा कवटीच्या मागच्या कडेवर बसतो आणि मेंदूच्या भोकाशेजारचा भाग उडतो. नेमका तोच भाग अभ्यासाला लागतो. आणि हे दुकानात गर्दी नसताना सांगा. रविवारी सकाळी अकरा वाजता मणके मोजून घ्यायला गेलात तर मागच्या रांगेतून काय ऐकू येईल ते मी लिहीत नाही.

तपासा: घरी आल्यावर चोचीचं टोक शाबूत आहे का बघा. पोल्ट्रीत लेअरच्या चोची टोकाला कापलेल्या असतात. कवटी तरीही अभ्यासाला चालते, पण चोचीची लांबी मोजायला ती बाद.

## पायरी २: हत्यारं आणि जागा आधी ठरवणे

मुंडकं आणून ठेवायचं आणि मग बरणी शोधायची, असं करू नका. आधी हे जमवा: रुंद तोंडाच्या दोन प्लॅस्टिकच्या बरण्या, एक छोटी बरणी डोळ्यांसाठी, बारीक जाळीची चहाची गाळणी, मलमलचं फडकं, टोकदार चिमटा, छोटी कात्री, १० मिलीची सिरिंज, बोथट टोकाची पातळ तार, रबरी हातमोजे आणि जुना टूथब्रश. यातली एकही वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही. कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, आणि 'गाळणी धुऊन घेतली होती' हे उत्तर घरात चालत नाही.

बरण्यांना नाव घालायचं ते कागदावर नको, कुजवणीत कागदही कुजतो. जुन्या बाटलीची प्लॅस्टिकची पट्टी कापा, तिच्यावर तापलेल्या सुईने क्रमांक टोचा आणि ती बरणीत टाका.

जागा म्हणजे गच्ची किंवा सावलीतली बाल्कनी. वास येणार, तो टळत नाही. सोसायटीत राहत असाल तर वरच्या मजल्यावरच्या काकूंना आधी विश्वासात घ्या. नंतर सांगायला गेलात तर फार उशीर झालेला असतो.

### हंगाम कुठला

कुजवण्याचं काम जिवाणू करतात आणि त्यांना ऊब लागते. निफाडचा पारा हिवाळ्यात एक आकडी होतो, शहरातही रात्री चांगलाच गारठा असतो. डिसेंबरमध्ये लावलेली बरणी महिनाभर तशीच बसून राहते आणि माणूस वैतागून गॅसकडे वळतो. पावसाळ्यात उलटी तऱ्हा, कुजतं छान पण सुकत नाही आणि बुरशी धरते. म्हणून होळीनंतर सुरुवात करायची आणि रोहिणीचा पाऊस येण्याआधी कवटी सुकवून डब्यात ठेवायची. हिवाळ्यातच करायचं असेल तर माशांच्या टाकीचा छोटा हीटर घ्या. पाणी भरलेल्या बादलीत तो ३२ अंश सेल्सिअसला लावा आणि बरणी त्या बादलीत ठेवा. हीटर थेट बरणीत घालू नका.

## पायरी ३: कुजवण्याआधीचं बघणं आणि सोलणं

एक गोष्ट फक्त ताज्या मुंडक्यातच दिसते. खालचा जबडा एका हाताने धरा आणि वरची चोच अलगद वर उचला. ती किंचित हलते. माणसाचा वरचा जबडा कवटीला घट्ट असतो, पक्ष्याचा नसतो. जबड्याच्या सांध्याजवळचं एक चौकोनी हाड पुढे सरकतं, त्याला जोडलेली काडीसारखी हाडं वरच्या चोचीला मागून ढकलतात आणि चोच वर उचलली जाते. दोन-तीनदा हळूच करून बघा. कवटी सुकली की हे पुन्हा कधी दिसणार नाही.

मग फोटो. दोन्ही बाजू, वरून, समोरून, तुरा आणि गलोल (चोचीखाली लोंबणारी लाल कातडी) असतानाचे. बदकाचं मुंडकं असेल तर चोचीच्या कडेचे दातेरी कंगोरे जवळून टिपा. पाणी गाळून अन्न धरून ठेवणारे हे कंगोरे हाडाचे नसतात, चोचीच्या आवरणाचे असतात. आवरण निघालं की तेही गेले.

आता सोला. तुऱ्याच्या मागून कात्रीने चीर द्या आणि कातडी पुढे ओढत चोचीच्या मुळापर्यंत आणा. जिभेखाली हात घालून जीभ तिच्या हाडांसकट बाहेर काढा. जिभेला आधार देणारी ही बारीक, मागे वळलेली हाडं बहुतेक जण फेकून देतात. ती वेगळ्या फडक्यात बांधून त्याच बरणीत टाका. गालावरचं मांस काढताना कात्रीचं टोक हाडाच्या समांतर ठेवा. डोळ्याखालून जाणारी गालाची काडी तुमच्या कात्रीपुढे काहीच नाही.

डोळे चमच्याच्या दांड्याने बाजूने सैल करून अख्खे काढा आणि छोट्या बरणीत ठेवा. पक्ष्याच्या डोळ्यात हाडांच्या पातळ पाकळ्यांची एक गोल कडी असते. कोंबडीत तिच्यात साधारणपणे १४ पाकळ्या असतात. डोळा फोडलात तर कडीही गेली.

मेंदू मागच्या भोकातून काढायचा. तार आत घालून हलकेच ढवळा, मग सिरिंजने पाणी मारा. दोन-चार वेळा केलं की पाणी स्वच्छ येतं. मेंदू आत राहिला तर तो कुजताना चरबी सोडतो आणि कवटी आतून पिवळी पडते.

सावध: तार सरळ पुढे ढकलू नका. दोन डोळ्यांच्या मधली भिंत कागदाइतकी पातळ असते.

## पायरी ४: कुजवणे

बरणीत मुंडकं ठेवा, ते बुडून वर चार बोटं राहील इतकं पाणी घाला. क्लोरीनचा वास येणारं नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. झाकण ठेवा, पण घट्ट लावू नका. आत वायू तयार होतो, आणि घट्ट बरणी उघडताना काय उडतं ते भिंतीवरून महिनाभर निघत नाही. मिठाचा, डेटॉलचा, साबणाचा थेंबही घालू नका. जे जिवाणू तुमचं काम करणार त्यांनाच तुम्ही मारता.

पहिल्या दोन दिवसांत पाणी लाल होतं, ते बदला. त्यानंतर तीन-चार दिवसांनी फक्त निम्मं पाणी ओतायचं आणि तितकंच कोमट पाणी घालायचं. सगळं पाणी बदललं की जिवाणूंची वसाहत पहिल्यापासून बसवावी लागते. एप्रिलच्या नाशिकमध्ये नीट सोललेलं कोंबड्याचं मुंडकं आठ ते पंधरा दिवसांत हाडावर येतं.

प्रत्येक वेळी पाणी ओताल ते गाळणीतून, गाळणीवर मलमल टाकून. कानातलं हाड काडेपेटीच्या काडीच्या गुलाइतकंही नसतं. सस्तन प्राण्यांच्या कानात तीन हाडं, पक्ष्याच्या कानात हे एकच. गाळ पांढऱ्या थाळीत पसरून चिमट्याने बघा. गाळलेलं पाणी संडासात ओता. कुंडीत नको, स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये नको, आणि गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, नेऊन तर मुळीच नको.

दोन मुंडकी एका बरणीत कधीही टाकू नका. 'ओळखू येतील की' असं वाटतं. दोन कोंबड्यांची चार चौकोनी हाडं थाळीत एकत्र पडली की ओळखू येत नाहीत.

चोचीवरचं शिंगी आवरण सातव्या-आठव्या दिवशी सैल होतं. ते बोटांनी धरून अलगद, थोडं मागेपुढे करत पुढे सरकवा. येत नसेल तर आणखी दोन दिवस थांबा. ओढून काढणाऱ्यांच्या हातात चोचीचं हाडही येतं. आवरण वेगळं जपा, ते आपल्या नखाच्याच द्रव्याचं असतं. सुकताना ते आक्रसतं, त्यामुळे नंतर हाडावर नीट बसत नाही. वेगळं ठेवणंच बरं.

### 'उकळून लवकर होत नाही का?'

होतं, आणि वाईट होतं. खळखळ उकळीने चरबी हाडात मुरते, पातळ हाडं वाकडी होतात आणि पुढच्या दोन पायऱ्यांना तिप्पट वेळ लागतो. कुकर तर विसराच, त्यात हाड मऊ पडतं. मातीत पुरण्याचा सल्ला देणारेही भेटतील. माती हाडाला तपकिरी डाग देते, मुळं भोकातून शिरतात आणि बारीक हाडं पुन्हा सापडत नाहीत. मुंग्यांच्या वारुळाजवळ ठेवलेलं माझं एक मुंडकं छान साफ झालं होतं, फक्त जिभेची हाडं मुंग्या घेऊन गेल्या.

संग्रहालयांत मांस खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या वापरतात. घरात त्यांचं नाव काढू नका. ते लोकर आणि रेशीमही खातात, आणि आपल्या जिल्ह्यात येवल्याची पैठणी कुणाच्या ना कुणाच्या कपाटात असतेच.

तपासा: हाडावर बोट फिरवा. कुठेही बुळबुळीत पापुद्रा लागला तर कुजवणं संपलेलं नाही. 'राहिलेलं ब्रशने काढू' असं म्हणून पुढे गेलात की सुकल्यावर तो पापुद्रा सरसासारखा चिकटतो.

## पायरी ५: तेल काढणे

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. हाड पांढरं दिसायला लागलं की लोक थेट पेरॉक्साइडकडे धावतात. पण हाडाच्या आत चरबी असते आणि ती काही महिन्यांनी वर येते. शोकेसमधली पिवळी, हाताला चिकट लागणारी, धूळ धरणारी कवटी ही तेल न काढलेली कवटी असते.

स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा धुतलेली कवटी कोमट पाण्यात ठेवा, त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक चमचा घाला. पाणी हाताला सोसवेल इतकंच गरम असावं. पृष्ठभागावर तवंग आला किंवा पाणी गढूळ झालं की बदला. कोंबड्याला दोन-तीन आठवडे, बदकाला महिना-दीड महिना. बदक हा तेलाचा बुधलाच आहे, पहिल्यासाठी कोंबडा सुचवतो तो त्यामुळेही. मे महिन्यात बरणी दुपारच्या उन्हात ठेवली की पाणी आपोआप कोमट राहतं. उन्हात बरणी ठेवायची, उघडी कवटी नाही.

अॅसिटोनने हे लवकर होतं असं वाचाल. ते पटकन पेट घेतं आणि त्याची वाफ डोक्यात जाते. कोंबड्याच्या एका कवटीसाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

तपासा: कवटी बाहेर काढून सावलीत तीन दिवस पूर्ण सुकवा. कुठे पिवळसर, काचेसारखा अर्धपारदर्शक डाग दिसला तर तेल शिल्लक आहे, पुन्हा पाण्यात. ओल्या कवटीवर हे कळत नाही, सुकवूनच बघावं लागतं. बहुतेक डाग चोचीच्या मुळाशी आणि जबड्याच्या मागच्या टोकाला दिसतात.

## पायरी ६: उजळवणे

औषधांच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. बाटलीवर साधारणपणे '२० व्हॉल्यूम' लिहिलेलं असतं, म्हणजे अंदाजे ६ टक्के. त्यात तितकंच पाणी घाला, ३ टक्के झालं. हातमोजे घालून कवटी त्यात बुडवा, झाकण सैल ठेवा, बरणी सावलीत. दर चार तासांनी बघा. कोंबड्याला १२ ते २४ तास पुरतात. बुडबुडे यायचे थांबले म्हणून पुन्हा नवं पेरॉक्साइड ओतू नका. हाड नैसर्गिकरीत्या किंचित पिवळसर असतं, टूथपेस्टच्या जाहिरातीसारखं पांढरं नसतं. झेरॉक्सच्या कागदाशी तुलना करत बसाल तर हाड खाऊन टाकाल.

सावध: कपड्यांचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते अजिबात नको. हाडाला बांधून ठेवणारं प्रथिन ते विरघळवतं. सुरुवातीला कवटी सुंदर दिसते, वर्षभराने बोटाला पांढरी पूड लागते. चुना आणि कॉस्टिक सोडाही नको. आणि पेरॉक्साइडमध्ये यातलं काहीही मिसळू नका.

उजळलेली कवटी दोन दिवस साध्या पाण्यात ठेवा, पाणी दोनदा बदला. मग सावलीत, पंख्याच्या वाऱ्यापासून दूर, वर्तमानपत्रावर चार-पाच दिवस. थेट उन्हात चोचीला बारीक भेगा जातात. डोळ्याची कडी गोल चमच्याच्या पाठीवर सुकवा, म्हणजे तिचा वाटीसारखा आकार टिकतो. सपाट ताटलीत ठेवलीत तर पाकळ्या विखुरतात.

## पायरी ७: जोडणे, क्रमांक, नोंद

सुटलेली हाडं पांढऱ्या फेविकॉलने जोडा. थेंबाला थेंब पाणी मिसळून, टूथपिकच्या टोकाने. चुकीच्या बाजूला लागलं तर पाण्यात भिजवून सोडवता येतं. क्षणात चिकटणाऱ्या गोंदाने चौकोनी हाड उलटं बसवलेली एक कवटी माझ्या कपाटात आहे. ती तशीच राहणार.

कवटीच्या मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा छोटा ठिपका द्या, तो सुकल्यावर त्यावर बारीक पेनाने क्रमांक लिहा. वहीत त्या क्रमांकापुढे: कुठल्या गावचा किंवा दुकानातला, तारीख, जात, नर की मादी, अंदाजे वय, वजन विचारलं असेल तर तेही, कुजवायला किती दिवस, तेल काढायला किती दिवस. खरेदीची पावती मिळाली तर त्याच पानावर चिकटवा. उद्या कुणी विचारलं 'ही कुठून आणली' तर वही पुढे करता आली पाहिजे. नोंद नसलेली कवटी शोभेची वस्तू होते, तिच्यावरून पुढे काही सांगता येत नाही.

## पायरी ८: अभ्यास

अभ्यास म्हणजे तुलना, त्यामुळे एका कवटीवर तो होत नाही.

सुरुवात मटणाच्या दुकानापासून करा. बकऱ्याच्या मुंडीचा मागचा भाग बघा. मेंदूच्या भोकाच्या दोन बाजूंना मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकणारे दोन गोळे दिसतील. आता कोंबड्याची कवटी बघा, भोकाच्या खाली मध्यभागी एकच गोळा. उखळीत मुसळ फिरावं तशी पक्ष्याची मान यावर फिरते. कोंबडी पाठीवरची पिसं साफ करते त्यात मानेच्या भरपूर मणक्यांचाही वाटा आहे, पण सुरुवात या एका गोळ्यापासून होते.

मग बॉयलरचे ते वीस तुकडे, जे फेकून दिले नसतील तर आता कामाला येतील. गावरान कोंबड्याच्या कवटीवर शिवण दिसत नाही, बॉयलरच्या तुकड्यांवर प्रत्येक हाडाची कड दिसते. कपाळाचं हाड कुठे संपतं आणि नाकाचं कुठे सुरू होतं, हे प्रौढ कवटीवर शिकताच येत नाही. मी आता मुद्दाम एक बॉयलर कुजवून तुकडे काळ्या पुठ्ठ्यावर क्रमाने लावून ठेवतो.

तिसरी तुलना बदकाशी. बदकाच्या खालच्या जबड्याचं सांध्यामागचं टोक मागे लांब आणि वर वळलेलं असतं. जबडा उघडणारा स्नायू तिथे धरतो, आणि टोक लांब असल्याने त्याला जोर मिळतो. चिखलात चोच खुपसून उघडायची तर तो लागणारच. चोचीच्या हाडाच्या टोकाला भिंगाखाली बारीक छिद्रं दिसतात, स्पर्श कळवणाऱ्या नसांच्या त्या वाटा. कोंबड्याच्या चोचीवर एवढी गर्दी नाही. कोंबडी डोळ्याने दाणा बघून टिपते, बदक गढूळ पाण्यात चाचपून खातं. हे एकदा बघितल्यावर नांदूरमध्यमेश्वरला चिखलात चोच फिरवणारा थापट्या बदक बघण्याची तऱ्हाच बदलते.

मोजमाप डिजिटल व्हर्नियरने, ०.१ मिलिमीटरपर्यंत. चोचीच्या टोकापासून कवटीच्या मागच्या टोकापर्यंत लांबी, सर्वांत रुंद जागी रुंदी, डोळ्याच्या खोबणीचा आडवा व्यास. प्रत्येक माप तीनदा, कवटी खाली ठेवून पुन्हा उचलून. तिन्ही आकडे लिहा, नुसती सरासरी नको. आकड्यांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक येत असेल तर तुम्ही दर वेळी वेगळ्या जागी टेकवताय. व्हर्नियरचे जबडे दाबू नका, चोचीचं टोक तुटतं.

फोटो मोबाइलने काढताना तो जवळ नेऊ नका. जवळून चोच अवास्तव मोठी येते. मीटरभर लांब ठेवा आणि झूम करा. शेजारी पट्टी, कवटीच्याच उंचीवर. जमिनीवर ठेवलेली पट्टी आणि चार सेंटिमीटर उंच कवटी, यांचं माप जुळत नाही. वरून, खालून, डावीकडून, समोरून, मागून, असे पाच फोटो दर वेळी त्याच क्रमाने.

## पावसाळ्यात ठेवणं

काचेच्या उघड्या कपाटात नको. घट्ट झाकणाच्या पारदर्शक डब्यात कापसाच्या नव्हे, फोमच्या गादीवर ठेवा. कापसाचे धागे नाकपुडीच्या कडेत अडकतात आणि ओढताना हाड तुटतं. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांनी बदला. बुरशीचा ठिपका दिसला तर ब्रशने झाडून पेरॉक्साइडचा कापसाचा बोळा फिरवा आणि पुन्हा सुकवा. तेल पूर्ण निघालं होतं की नाही, हे पहिल्या पावसाळ्यानंतर डब्याचं झाकण उघडलं की वासावरूनच कळतं. खवट वास आला तर लाजू नका, कवटी परत पायरी ५ ला न्या. फेविकॉलने जोडलेली हाडं त्या पाण्यात सुटतील, ती गाळणीत धरा.